दिगंबरचा सोमवार

दिगंबर,

गेल्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. तुझा एकट्याचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून कॉलेजच्या हुतुतूच्या संघाच्या फोटोतून तुला कापून मोठा करून घेतला होता. त्यात तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. हाताचा मालक कापला गेलाय. मी भाषणं ऐकण्याऐवजी तासभर तो हातच बघत बसले.

भाषणं चार झाली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होऊनही इथला मराठी समाज कसा एकजुटीने उभा आहे, हे चौघांनीही सांगितलं. अध्यक्षस्थानी वकीलसाहेब होते. ते म्हणाले, "दिगंबर हा आमच्या घरचाच मुलगा होता." मग रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला.

मी सभेत कधी उठून बोललेली नाही, तुला माहीत आहे. शाळेत चाळीस मुलींना एका हाकेत गप्प करते, पण वाचनालयात बायकांच्या सतरंजीवर बसून ऐकायचं आणि चहा झाला की घरी यायचं. त्या दिवशी उठले. लेक उठली म्हणून दादा मागे वळून बघायला लागले, आईने माझा पदर ओढला.

"मला एक विचारायचंय," मी म्हणाले. "दिगंबरचा सोमवार कुणाकडे होता?"

वकीलसाहेब रुमालाची घडी घालू लागले.

"मंगळवार?"

मागून एक जण म्हणाले, "बाई, ही वेळ आहे का?"

"शुक्रवार कुणाकडे होता? रविवार?"

आभार उरकून सभा संपवली. घरी येताना दादा माझ्याशी बोलले नाहीत. मलाही कुणाशी बोलायचं नव्हतं. बोलायचं आहे ते तुझ्याशी, आणि ते गोड नाही. मला तुझा राग आलाय. आमच्या सगळ्यांचा तर आलाच आहे, पण तुझाही आलाय, आणि तू आता नाहीस म्हणून तो कमी होत नाही.

तू आमचा गुरुवार होतास. तीन वर्षांपूर्वी कंधारच्या बाजूच्या खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन शिकायला आलास तेव्हा रविवारच्या मावशींनी तुझे सात वार लावून दिले. मावशी म्हणजे आमच्याच शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. बाहेरगावचा गरजू विद्यार्थी आला की त्या छत्री घेऊन निघायच्या, नारायणगुड्यापासून मलकपेठेपर्यंत दारं ठोठावायच्या आणि सात घरं पक्की करूनच घरी यायच्या. रोज एका घरी जेवण, आठवडाभर सात घरं. कुणालाही जड नाही. तू त्या घरांना माणसांच्या नावाने कधी ओळखलंच नाहीस. सोमवारच्या काकू, मंगळवारचे साहेब, शुक्रवारचे ओव्हरसियर. मला नुसतं अक्का म्हणायचास, पण माझ्या पाठीमागे मीही 'गुरुवारची अक्का' होते, हे तुझ्या खोलीतल्या वामनने आता सांगितलं.

त्या सात ताटांपलीकडेही बरंच काही होतं, हे तुला त्या वेळी कळत होतं की नाही कोण जाणे. सोमवारच्या काकू तुझ्या शर्टाची बटणं लावायच्या. मंगळवारचे साहेब इंग्रजी तपासून द्यायचे. ओव्हरसियरांच्या दोन मुलांबरोबर तू संध्याकाळी मैदानावर हुतुतू खेळायचास आणि गुडघे फोडून घ्यायचास. मावशी तर दर रविवारी तुला उजेडात उभा करून जीभ बघायच्या. एखादा रविवार तू आला नाहीस तर सोमवारी सकाळी त्या तुझ्या खोलीच्या दारात हजर. शहरात सात घरं तुझ्याकडे बघत होती.

वकीलसाहेब तुझा बुधवार. आमच्या घरचाच मुलगा म्हणाले ना ते? त्यांच्याकडे तुझं पान स्वयंपाकघरात कधी मांडलं गेलं नाही, बाहेरच्या व्हरांड्यात मांडलं गेलं. तू कुणब्याचा पोर. मी संतापले तर तू म्हणालास, "असू द्या की अक्का, तिथं हवा चांगली लागती." तुझ्या या हसण्यावारी नेण्याने मला तेव्हाही चीड यायची.

मग राज्य मोडलं. तू खूश होतास. मराठी मुलूख मराठी मुलखाला मिळाला म्हणून कॉलेजात पेढे वाटलेस. मी म्हणाले, "आणि जे इथेच राहणार त्यांचं काय?" तू म्हणालास, "तुमी बी चला की. हैदराबादेत काय ठेवलंय?" आमचं घर इथलं, दादांचं आयुष्य इथे गेलेलं, माझी शाळा इथे. दर गुरुवारी आपण भांडायचो. तू बोट नाचवत बोलायचास, आई म्हणायची, "आधी वरण संपव, मग राज्य कर." ते भांडण अजून संपलेलं नाही. तुझं म्हणणं चूक होतं असंही मी म्हणत नाही. पण ज्या गाड्यांना तू फुलं बांधून निरोप देत होतास, त्याच गाड्यांतून तुझा आठवडा चालला होता, आणि ते तुझ्या तरी लक्षात यायला हवं होतं!

सोमवारचे काका सचिवालयात होते, त्यांची औरंगाबादला बदली झाली. मंगळवारचे साहेब नांदेडला गेले. ओव्हरसियर परभणीला. दादा सांगायचे, कचेऱ्यांमधून मोजदाद चालली आहे, फायली कुणाच्या, कपाटं कुणाची, टाइपरायटर कुणाचे. छताच्या पंख्यांचीही वाटणी झाली म्हणे. एकेका पंख्यासाठी साहेब लोक तावातावाने बोलले. तुझे वार कुठल्याच यादीत नव्हते. शेवटी मावशीही मुलाकडे पुण्याला गेल्या. जाताना आईला म्हणाल्या, "मुलांचं सगळ्यांना सांगून ठेवलंय हो." त्यांनी खरंच सांगितलं असेल. ज्याला सांगितलं त्याने दुसऱ्याला सांगितलं असेल, आणि तो दुसरा पुढच्याच महिन्यात बदलीच्या गाडीत बसला असेल. मावशींच्या जागी छत्री घेऊन निघणारं कुणी उरलं नाही. मीही निघाले नाही. मला तर शाळा होती!

वकीलसाहेबांकडे मुलीचं लग्न निघालं. "महिनाभर बुधवार राहू दे," म्हणाले. तो महिना संपलाच नाही.

तुझं शेवटचं वर्ष होतं, परीक्षा इथूनच द्यायची होती, म्हणून तू थांबलास. सातातले दोन उरले. आमचा गुरुवार आणि मलकपेठेतल्या भुसार व्यापाऱ्यांचा शनिवार. त्यांच्याकडे शनिवारचा उपास, म्हणजे तुझं ताट संध्याकाळी उपास सुटल्यावर. बाकीचे दिवस तू काय खात होतास ते मला वामनने सांगितलं. वामन नुसता तुझा खोलीतला सोबती; त्याचेही वार असेच गेलेले, पण त्याच्याकडे आम्ही कधी नीट बघितलंही नव्हतं. खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही ही घरमालकाची अट. कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलात चहा आणि बन, बनही रोज नाही. "दिगंबर म्हणायचा, आज आपली एकादशी हाय," वामन सांगत होता. "आठवड्यात पाच एकादश्या करायलो होतो अक्का आमी." हे सांगताना तो हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हसणारा दुसरा खोलीत नाही.

मी त्या हॉटेलात गेले होते, तुला खोटं वाटेल. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "मैं रोज पूछता था बाई, क्यों मियाँ, खाना खाए? बोलता था, उपास है. तुम लोगां में इत्ते उपासां रैते क्या?"

या शहरात रोज तुला जेवलास का विचारणारा एकच माणूस होता, आणि तो चहाच्या गल्ल्यावर बसत होता.

आम्ही का नाही विचारलं, ते तुला माहीत आहे. वार लावलेल्या मुलाला दुसऱ्या घरच्या ताटाबद्दल विचारायचं नाही. आई हा नियम मोडू द्यायची नाही. कुठे काय वाढतात याची चौकशी म्हणजे त्या घराची बेअब्रू. आणि एका घराचा वार एकच. तुझ्या आधी एका मुलाला कुणीतरी मायेने दुसराही वार दिला, तर त्या दिवसाचं जे घर होतं त्यांनी, "आमच्याकडे काय पोटभर मिळत नाही?" म्हणून वर्षभर हळदीकुंकवाला येणं सोडलं. तेव्हापासून सगळे जपून. घरं गेली, काकू गेल्या, हळदीकुंकू गेलं, आणि त्यांचा मान राखायचा म्हणून आम्ही गप्प! जी माणसं दोनशे मैलांवर बिऱ्हाड मांडून बसली होती, त्यांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही तुला सोमवारी जेवायला बोलावलं नाही.

आणि तूही त्याच नियमाला चिकटलास. एका घरी दुसरा वार मागायचा नाही. मागितला असतास तर आईने काय दाराला कडी लावली असती?

आता ते सांगते, जे सभेत विचारायची माझी हिंमत झाली नाही. सोमवार विचारला, मंगळवार विचारला, शुक्रवार विचारला. गुरुवार विचारला नाही. गुरुवार आमचा होता.

उन्हाळ्याच्या आधीची गोष्ट. तू जेवायला बसलास आणि चार भाकरी खाल्ल्यास. पाचवी घेतलीस. भाताचा डोंगर केलास. मी वाढत होते. मला आपली थट्टा सुचली. म्हणाले, "काय रे दिगंबर, पोटात विहीर खणलीस की काय? आठवडाभराचं एकदम भरून ठेवतोयस?"

तू हसलास. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तुझ्या. "तुमच्या हातची चव लागती अक्का," म्हणालास आणि हात आखडता घेतलास. पुढच्या गुरुवारपासून दोन भाकरी, मोजून. आई म्हणायची, "घे रे अजून," तर ताटावर आडवा हात. "झालं की काकू. सकाळी उशिरानं चहा झालाय."

आठवडाभराचं भरून ठेवतोयस. मी थट्टेत बोलले ते अक्षरशः खरं होतं, आणि उरलेल्या दोन दिवसांपैकी एक दिवस मी माझ्या तोंडाने अर्धा केला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला आठवतंय की नाही माहीत नाही. तुला आठवत होतं. तू तो गुरुवार विसरला नाहीस, हे तुझ्या दोन भाकऱ्या मला महिनोन् महिने सांगत होत्या, आणि मी आईला काय म्हणाले? "बघ, शहरात राहून पोरगा शहाणा झाला. बेताने खातो."

मग तू हुतुतू सोडलंस. संघात माणसंच उरली नाहीत म्हणालास. ते खरंच होतं. गालफडं बसली, मी म्हणाले परीक्षेचा अभ्यास. मला चाळीस मुलींच्या वेण्या नीट घातल्यात की नाही ते दारातून दिसतं. तुझं मनगट केवढंसं झालंय ते समोर बसून दिसलं नाही.

एका गुरुवारी तू आला नाहीस. आईने तुझं ताट झाकून ठेवलं, संध्याकाळी गाईला घातलं. कॉलेजात काही असेल, म्हणाली. दुसऱ्या दिवशी वामन धावत आला, तोवर तू दवाखान्यात होतास. विषमज्वर. डॉक्टर चांगले होते, दोन्ही वेळा स्वतः येऊन बघायचे. शेवटी बाहेर येऊन मला म्हणाले, "बुखार तो बहुत बच्चों कू आता है बाई. लड़ने कू बदन में कुछ होना न." मी त्यांना म्हणाले, हो. एवढंच म्हणाले.

तुझ्या बापाला तार केली ती 'आजारी आहे' एवढीच. ते पोचले तेव्हा तुला नेऊन दोन दिवस झाले होते. अग्नी वामनने दिला. आमच्या दारात ते उभे राहिले, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं, खांद्यावर झोळी. आई रडायला लागली. ते रडले नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी झोळीतून सात पुरचुंड्या काढल्या. घरच्या तुरीची डाळ, सात फडक्यांत बांधलेली.

"पोराला बघायला यायलो होतो," ते म्हणाले. "सात घरांनी संबाळलं त्याला. रिकाम्या हातानं कसं यावं?"

मी म्हणाले, काका, राहू द्या आता. ते उठलेच. "ज्याचं त्याला द्यावं लागंल बाई. मला घरं दावा."

दिगंबर, मी तुझ्या बापाला तुझा आठवडा दाखवायला निघाले. सोमवारच्या घरात किनारपट्टीच्या तेलुगू मुलखातून आलेलं नवीन बिऱ्हाड होतं. दारात एक बाई आली आणि म्हणाली, "एवरु कावाली?" कोण हवंय. तुझे वडील माझ्याकडे बघायला लागले. मंगळवारच्या घराला कुलूप. हिमायतनगरला वकीलसाहेबांनी पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली, "फार गुणी मुलगा" म्हणाले आणि त्यांना व्हरांड्यात बसवलं. शुक्रवारच्या घरात कसलंसं गोदाम झालंय. शनिवारच्या व्यापाऱ्यांनी पुरचुंडी हातात घेतली आणि दुकानातच ओक्साबोक्शी रडले. "मला वाटलं, बाकी सहा घरं आहेत," एवढंच म्हणत राहिले. रविवारच्या मावशींच्या दाराला कुलूप, त्यावर कोळ्याने जाळं केलेलं.

परत येताना ते म्हणाले, "पत्रात तर सातीबी घरं असायची, बाई. गुरुजी वाचून दावायचे. मागल्या महिन्याच्या पत्रात बी होतं, सोमवारी कढी होती म्हणून."

मागच्या महिन्यात! सोमवारच्या काकूंना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. तू पाच घरची जेवणं मनाने शिजवलीस आणि बापाला लिहून पाठवलीस. कढी कसली रे? पुरणपोळीही लिहिली असशील.

मी म्हणाले, "आत्ताच झाल्या बदल्या, काका. नुकतेच गेले सगळे." तुझं खोटं मी पुढे चालवलं. मला खोटं बोलणाऱ्या मुलींची चीड आहे हे तुला ठाऊक होतं, आणि तू मला त्या म्हाताऱ्या माणसासमोर उभं करून खोटं बोलायला लावलंस. याबद्दल मी तुला माफ करणार नाही.

ते गावाकडच्या मोटारीत बसले. खिडकीतून म्हणाले, "लहानपणापासनं तसाच. भूक लागली की गप बसायचा. रडायचा न्हाई, मागायचा न्हाई. माय वळखायची त्याची." गाडी सुटली. त्यांना कळलं होतं की काय, मला अजून ठरवता येत नाही.

चार पुरचुंड्या उरल्या. त्या ते आमच्याच ओट्यावर ठेवून गेले. सोमवार, मंगळवार, शुक्रवार, रविवार. आईने त्या फडताळात ओळीने ठेवल्या. दिवसभर जाता-येता त्या दिसायच्या.

तुझे आभार मानायचेत तेही मानून घेते, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. तीन वर्षं दर गुरुवारी या घरात कुणीतरी मोठ्याने बोललं, दादांशी वाद घातला, माझ्या भाकरीला नाव ठेवलं आणि मग तीच मागून घेतली. माझं लग्न जमत नाही यावर सगळी नात्यातली माणसं उसासे टाकत होती, तेव्हा तू एकटा म्हणालास, "बरंच झालं की, शाळेला चांगली बाई मिळाली." मला किती बरं वाटलं होतं ते तुला सांगितलं नाही. उगाच "जेव गुमान" म्हणाले.

सभेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी मलकपेठेला तुझ्या खोलीवर गेले. वामन खाटेवर पुस्तक घेऊन बसला होता. मी दारातूनच विचारलं, "काल काय जेवलास?"

"जेवलो की अक्का."

"काय जेवलास ते विचारलं. कुणाकडे? ताटात काय होतं?"

तो गडबडला. आयुष्यात त्याला असं कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मलाच ते फार उद्धट वाटलं. तरी हलले नाही. शेवटी तो म्हणाला, "बन."

मी त्याला घेऊन घरी आले. आईला आधी सांगितलं नव्हतं. वाटेत मनात भांडणाची तयारी करून ठेवली होती, एका घराचा वार एकच वगैरे ती म्हणाली तर काय काय ऐकवायचं ते सगळं. आईने वामनकडे बघितलं. मग पाट घेतला. "हात धू," म्हणाली त्याला, "आणि उद्याही ये." मला एक शब्द बोलावा लागला नाही. माझ्या मनातलं ते भांडण तसंच पडून आहे, आणि ते कुणाशी करायचं मला कळत नाही.

मंगळवारी तो आला. बुधवारी आला. काल गुरुवारी तुझ्या जागेवर बसायला तयार होईना, मी रागावले तेव्हा बसला.

आज शुक्रवार आहे. सोमवारची पुरचुंडी कालच संपली. आईने आत्ताच शुक्रवारची गाठ सोडली, डाळ चुलीवर चढवलीय. वामनचं पान मांडून झालं. मी दुसरंही पान मांडलं आणि मग उचललं.